मालगुंडचा दुर्मुखलेला विद्यार्थी



रत्नागिरीहून गणपतीपुळ्यास गेलेला माणूस थोडा पुढे चालून गेला की मालगुंड लागते. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला डोंगर आणि मधोमध माडा-पोफळींच्या सावलीत वसलेले हे गाव. आपल्यापैकी अनेकांनी ते पाहिले असेल. तेथील एका साध्या घरात १८६६ साली कृष्णाजी केशव दामले यांचा जन्म झाला. साऱ्या महाराष्ट्राला ते केशवसुत या नावाने ठाऊक आहेत. आधुनिक मराठी कवितेचे जनक म्हणून त्यांचा गौरव होतो. 'तुतारी' आणि 'नवा शिपाई' या त्यांच्या कविता मराठी शाळेत शिकलेल्या कित्येकांनी कधी ना कधी तोंडपाठ केल्या आहेत.

परंतु आज या स्मरणिकेच्या पानांवर आपणांस त्यांच्या काव्याचे रसग्रहण ऐकवावे, असा हेतू नाही. ते काम विद्वानांचे आहे. आपली संस्था शिक्षणाची, आपण सारे मुलांचे आई-बाप, गुरुजी किंवा स्वतः विद्यार्थी. म्हणून केशवसुतांच्या आयुष्याची जी बाजू आपल्या कामाची, तीच आपणांपुढे ठेवतो. केशवसुत हे एका शिक्षकाचे पुत्र होते, दीर्घकाळ शाळेच्या बाकावर बसलेले विद्यार्थी होते आणि अखेरीस स्वतः शिक्षक म्हणूनच त्यांनी देह ठेवला. वर्गात बसलेल्या मुलाचे मन कसे असते आणि त्या मनाची दखल घेतली वा न घेतली तर काय घडते, हे त्यांच्या चरित्रातून जितके कळते तितके पुष्कळ मोठ्या ग्रंथांतूनही कळत नाही.

त्यांचे वडील केशवपंत हे शाळामास्तर. पगार तुटपुंजा आणि पदरी मुलाबाळांचा मोठा संसार. पुढे केशवपंतांनी मास्तरकी सोडली आणि दापोली तालुक्यातील वळणे या गावी विश्वनाथ नारायण मंडलिक यांच्या खोतीची व्यवस्था पाहण्याचे काम पत्करले. घरात विद्येची कदर होती, पण विद्येला लागणारा पैसा मात्र नव्हता. आपल्या कोकणातील किती घरांची ही कथा आहे, हे आपणांस सांगावयास नको.

मुलांना इंग्रजी शिकवायचे तर गाव सोडणे भाग होते. कृष्णाजींचे काही शिक्षण खेडला झाले. नंतर बडोद्यास मामांकडे, तेथून वर्ध्यास, पुढे नागपुरास आणि शेवटी पुण्यास, असा या मुलाच्या शिक्षणाचा प्रवास झाला. वाचकहो, नकाशावर एकदा बोट फिरवून पाहा. कोकणातील खेड कोठे, गुजरातेतील बडोदे कोठे आणि विदर्भातील नागपूर कोठे! दर ठिकाणी नवे घर, नवी शाळा, नवे मास्तर, बोलण्याची नवी धाटणी. जरा ओळख होते न होते तोच पुन्हा बिछाना गुंडाळायचा. त्यातच त्या काळच्या रूढीप्रमाणे शाळकरी वयातच त्यांचे लग्न झाले होते. म्हणजे डोक्यावर अभ्यासाचे ओझे, मनात घराची ओढ आणि खांद्यावर प्रपंचाची जबाबदारी, अशा स्थितीत हा मुलगा वर्गात बसत होता.

नागपूरच्या मुक्कामात मात्र एक चांगली गोष्ट घडली. तेथे त्यांची गाठ नारायण वामन टिळकांशी पडली. टिळक हे पुढे रेव्हरंड टिळक म्हणून प्रसिद्धीस आले. ते कृष्णाजींहून चार-पाच वर्षांनी वडील आणि स्वतः कवी. त्यांच्या सहवासात कृष्णाजींच्या कवितेच्या ओढीला खतपाणी मिळाले. ही गोष्ट आपण ध्यानात ठेवू या. परक्या गावी, परक्या घरी असलेल्या मुलाला एक जरी वडीलधारा माणूस आपला वाटला, तरी त्याचे पाय जमिनीला टेकतात.

त्यानंतर ते पुण्यास न्यू इंग्लिश स्कूलमध्ये दाखल झाले. १८८० साली स्थापन झालेली ही शाळा त्या काळी साऱ्या महाराष्ट्रात गाजत होती. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, आगरकर अशा मोठ्या माणसांच्या त्यागावर ती उभी राहिली होती. अशा नामांकित शाळेत कृष्णाजी वयाच्या विशीत असतानाही शालेय वर्गातच बसत होते. मॅट्रिकची परीक्षा ते १८८९ साली, म्हणजे वयाच्या तेविसाव्या वर्षी उत्तीर्ण झाले.

क्षणभर थांबा आणि विचार करा. आज आपल्या घरातला मुलगा तेविसाव्या वर्षी दहावी पास झाला, तर आपण त्याच्याविषयी काय बोलू? शेजारी काय बोलतील? लग्नाकार्यात नातेवाईक काय विचारतील? त्या मुलाला आपण बुद्धिमान म्हणू काय? आणि तरीही हाच विद्यार्थी मराठी कवितेला नवे वळण देणारा पुरुष ठरला. तेव्हा बुद्धीत उणीव नव्हती, हे उघड आहे. अडथळे होते ते बुद्धीच्या बाहेर. उशिरा सुरू झालेले इंग्रजी शिक्षण, वारंवार बदललेल्या शाळा, पैशाची चणचण आणि मनाची उदासी.

या उदासीची एक खूण त्यांनीच मागे ठेवली आहे. कृष्णाजींचा चेहरा मुळात गंभीर, काहीसा खिन्न. स्वभाव एकलकोंडा. चारचौघांत मिसळून हसणे-खिदळणे त्यांना जमत नसे. एकदा त्यांच्या एका मास्तरांनी त्यांना दुर्मुखलेला म्हटले. मास्तरांच्या दृष्टीने ती सहज केलेली टीका असेल. दुसऱ्या दिवशी ते विसरूनही गेले असतील. परंतु मुलाच्या मनात तो शब्द काट्यासारखा रुतून बसला. १८८६ साली, विसाव्या वर्षी, त्यांनी त्याच शब्दाचे नाव देऊन एक कविता लिहिली. तिचा आशय असा की, ज्या मुखाला तुम्ही आज दुर्मुखलेले म्हणता, त्याच मुखातून पुढे सुंदर आणि रसाळ वाणी चोहीकडे वाहणार आहे.

आणि तसेच घडले. म्हणूनच कोणी चटकन म्हणेल की, पाहा, मास्तरांचा चिमटा उपयोगी पडला, चार शब्द लागले म्हणून मुलाचे तेज उफाळून आले. वाचकहो, ही समजूत आपल्याकडे फार खोल रुजलेली आहे. छडी लागे छमछम म्हणत वाढलेल्या पिढ्या आपल्या आहेत. परंतु ही समजूत चुकीची आहे. कृष्णाजींच्या हाती कवितेची दौलत होती, म्हणून त्यांना उत्तर देता आले. ज्या मुलाच्या हाती अशी काहीच दौलत नाही त्याने काय करावे? तो उत्तर देत नाही. तो हळूहळू मागच्या बाकावर सरकतो, मग शाळा बुडवू लागतो आणि एके दिवशी हजेरीपटावरून त्याचे नाव निघून जाते. उत्तर देणारा एक विद्यार्थी आपल्याला आठवतो, कारण त्याची कविता छापली गेली. गप्प बसलेल्या शेकडो मुलांची नोंद कोणत्याही पुस्तकात नाही.

त्या मास्तरांना दोष देण्यासाठी ही हकीगत सांगितली नाही. त्यांनी जे पाहिले ते खोटे नव्हते. चेहरा खरोखरच दुर्मुखलेला होता. चूक इतकीच की, तो चेहरा असा का झाला, हे विचारायचे राहून गेले. दुखणे पाहून वैद्याने रोग्याला नावे ठेवावी आणि नाडी पाहू नये, त्यातला हा प्रकार. घरापासून दूर राहणारा, विवाहित, तुटपुंज्या पैशावर शिकणारा वीस वर्षांचा तरुण आपल्याहून लहान मुलांच्या शेजारी बसला आहे, एवढे जरी ध्यानात आले असते तरी त्या एका शब्दाऐवजी दोन मायेचे शब्द निघाले असते.

आजचे मानसशास्त्र हीच गोष्ट शास्त्राच्या भाषेत सांगते. शिकताना आपले मन एक छोटी पाटी वापरते. समोरचे गणित, ऐकलेले वाक्य, फळ्यावरचा शब्द, हे सारे क्षणभर त्या पाटीवर धरून ठेवावे लागते, तेव्हाच ते समजते. ही पाटी मोठ्या माणसाचीही लहानच असते. भीती, अपमान, घरची काळजी किंवा भूक यांनी ती आधीच भरून गेली, तर गणिताला जागा उरत नाही. मूल फळ्याकडे पाहत असते, पण त्याला काही दिसत नसते. आपण म्हणतो त्याचे लक्ष नाही. वास्तविक लक्ष आहे, पण ते दुसरीकडे अडकलेले आहे. म्हणजे मुलाचे मन सांभाळणे हा अभ्यासाच्या आड येणारा लाड नव्हे. तीच अभ्यासाची पहिली पायरी आहे.

कायद्यानेही आता हे मान्य केले आहे. २००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या कायद्यात कलम १७ अन्वये मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास तर बंदी आहेच, परंतु मानसिक त्रास देण्यासही बंदी आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मुलांचे पोषण आणि मानसिक आरोग्य यांचा शिक्षणाशी असलेला संबंध स्पष्टपणे सांगितला असून, शाळांना समुपदेशकांची जोड मिळावी असे म्हटले आहे. परंतु कायदा शाळेच्या दारापर्यंत येतो. वर्गातल्या शब्दांत माया आणायची ती गुरुजींनी आणि घरातल्या शब्दांत आणायची ती आपण.

केशवसुतांना स्वतःच्या दुःखाने दुसऱ्याच्या दुःखाकडे पाहण्याची दृष्टी दिली. ते स्वतः अजून पुण्यात शिकत असतानाच, १८८८ साली, त्यांनी 'अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न' ही कविता लिहिली. खेळात रमलेल्या एका अस्पृश्य मुलाला उच्च जातीचा माणूस हुसकावून लावतो आणि ते मूल घरी येऊन आईला त्याचे कारण विचारते, असा तिचा विषय. ब्राह्मण घरात जन्मलेल्या तरुणाने त्या काळी हा विषय हाती घ्यावा, हे धैर्याचे काम होते. परंतु त्याहून मोठी गोष्ट अशी की, एवढ्या मोठ्या सामाजिक अन्यायाकडे त्यांनी लहान मुलाच्या डोळ्यांनी पाहिले. मुलाला अपमान कळतो. त्याचे कारण कळत नाही, पण अपमान कळतो. हे त्यांना उमगले होते.

पालकहो, येथे थोडे आपल्याकडे वळून पाहू. आपल्या समाजातील मुलेही शाळेत जाताना असे कितीतरी न विचारलेले प्रश्न दप्तरात घेऊन जातात. घरी कोकणी बोलायची, शाळेत पुस्तकी मराठी किंवा उर्दू, आणि पुढे इंग्रजी. शब्द चुकला की हशा पिकतो. कित्येक घरांतील वडील परदेशी नोकरीला किंवा जहाजावर. वर्ष-दोन वर्षांनी महिनाभर येतात, मुलाची ओळख पटते न पटते तोच परत निघतात. येताना ते घड्याळ आणतात, बूट आणतात, मोबाइल आणतात. पण वडील विमानात बसून गेल्यावर पुढचे आठ दिवस मूल वर्गात गप्प का बसते, हे कोणी विचारत नाही. मुलगी वयात आली की तिच्या शिक्षणाची घरात कुजबुज सुरू होते. पुढच्या वर्षी आपल्याला शाळेत पाठवतील की नाही, या धास्तीत ती नववीची परीक्षा देते. आणि मग प्रगतिपुस्तक हाती आले की आपण म्हणतो, मूल ढ आहे.

एक शब्द आपण तोंडातून काढतो आणि मूल तो आयुष्यभर सांभाळते. ढ, मठ्ठ, रडका, दुर्मुखलेला.

आपल्या दीनची शिकवण याहून वेगळी आहे. हजरत मुहम्मद पैगंबर (स.) यांच्याविषयी सर्वांना ठाऊक असलेली हकीगत आहे. नमाज पढविताना एखाद्या लहान मुलाचे रडणे कानी आले, तर ते नमाज आटोपती घेत, कारण मागे उभ्या असलेल्या त्याच्या आईचा जीव कासावीस होईल, हे ते जाणत. नमाजेहून मोठे कर्तव्य कोणते? पण तेथेही मुलाच्या रडण्याला जागा होती. मग आपल्या गणिताच्या तासात ती का नसावी?

मॅट्रिकनंतर केशवसुतांच्या नोकरीच्या फेऱ्या सुरू झाल्या. मुंबईत त्यांनी शिक्षकाची कामे केली, काही काळ कल्याणला काढला. नोकरी कायमची नाही, पगार अपुरा, अशीच ती वर्षे गेली. परंतु याच ओढगस्तीच्या काळात त्यांच्या उत्तमोत्तम कविता जन्मास आल्या. १८९२ साली त्यांनी 'मयूरासन आणि ताजमहाल' ही चौदा ओळींची कविता लिहिली. इंग्रजीतील सॉनेट हा प्रकार मराठीत आला तो या कवितेने. त्यांनी या प्रकाराला चतुर्दशक म्हटले. पुढे त्याला सुनीत हे नाव रूढ झाले. मालगुंडच्या मास्तरांच्या मुलाने मराठीतले पहिले सुनीत रचावे आणि त्यासाठी शहाजहान बादशहाचे मयूरासन आणि ताजमहाल हा विषय निवडावा, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांनी अभिमानाने लक्षात ठेवावी.

या दोन वस्तूंच्या इतिहासातूनही आपल्याला बोध घेता येतो. मयूरासन रत्नांनी मढवलेले होते. त्याचा दिमाख सत्तेचा. १७३९ साली नादिरशहाने ते लुटून नेले. ताजमहाल उभा राहिला तो एका माणसाच्या प्रीतीतून, आणि तो आजही उभा आहे. शाळेचेही असेच नाही काय? इमारत, निकालाची टक्केवारी, बक्षिसांची कपाटे हे आपले मयूरासन. त्याचा अभिमान जरूर बाळगावा. पण मुलाच्या मनात वर्षानुवर्षे टिकते ती एखाद्या शिक्षकाने दाखवलेली माया.

१८९३ सालची 'झपूर्झा' ही कविताही येथे आठवते. मुली फेर धरून झिम्मा-फुगडी खेळतात, त्या खेळातील बोलावरून हे नाव सुचलेले आहे. खेळताना मुली स्वतःला विसरतात. या विसरण्यात केशवसुतांना ज्ञानाच्या आणि निर्मितीच्या उच्च अवस्थेची खूण दिसली. आपण मात्र परीक्षा जवळ आली की पहिला बंद करतो तो खेळाचा तास. मुलींचा तर आधी.

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली आणि हजारो माणसे शहर सोडून निघाली. त्यानंतर केशवसुत खानदेशात गेले. भडगाव येथे आणि नंतर फैजपूर येथे त्यांनी शिक्षक म्हणून काम केले. कोकणचा माणूस तेथे रमला असेल, पण समुद्र विसरला नाही. नैर्ऋत्येकडून येणाऱ्या वाऱ्याला उद्देशून लिहिलेल्या कवितेत त्यांनी आपल्या गावाकडची आठवण काढली आहे. परदेशी असलेल्या आपल्या बांधवांना ही भावना वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. १९०४ साली ते धारवाडच्या हायस्कुलात मराठीचे शिक्षक झाले. जरा स्थिरता येईल असे वाटत असतानाच, ७ नोव्हेंबर १९०५ रोजी हुबळी येथे प्लेगने त्यांचा अंत झाला. वय अवघे एकोणचाळीस. काही दिवसांतच पत्नीही गेल्या. मागे लहान मुली राहिल्या.

त्यांच्या हयातीत त्यांच्या कवितांचे पुस्तकही निघाले नव्हते. हरि नारायण आपटे यांच्या पुढाकाराने ते १९१७ साली निघाले. त्यात जेमतेम सव्वाशे-दीडशे कविता होत्या. पण मराठी कवितेचा प्रवाह त्यांनी बदलला. राम गणेश गडकऱ्यांसारखा प्रतिभावंत स्वतःला त्यांचा चेला म्हणवून घेत असे. १९९४ साली कोकण मराठी साहित्य परिषदेने मालगुंड येथे त्यांचे स्मारक उभारले आणि कुसुमाग्रजांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. ज्या मुखाला मास्तरांनी दुर्मुखलेले म्हटले, त्या मुखाच्या दर्शनाला आज साऱ्या महाराष्ट्रातून शाळांच्या सहली येतात.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी मागे पडला असेल, कोणाला कोणी नाव ठेवले असेल, तर या मालगुंडच्या विद्यार्थ्याला आठवा. उशीर झाला म्हणून वाट संपत नाही. मात्र मनातले मनातच ठेवू नका. आईला सांगा, नानीला सांगा, ज्या गुरुजींचा वा बाईंचा विश्वास वाटतो त्यांना सांगा. आणि तुमच्या बाकावर कोणी गप्प बसलेला असेल, तर मधल्या सुट्टीत त्याला हाक मारा.

गुरुजनांना एवढीच विनंती की, चेहरा उतरलेला दिसला तर चारचौघांत बोलू नये. तास संपल्यावर बाजूला बोलावून विचारावे. दोन मिनिटांचे काम आहे. आणि पालकहो, रात्री प्रगतिपुस्तक उघडण्यापूर्वी मुलाच्या चेहऱ्याकडे पाहावे. आज शाळेत किती गुण मिळाले, हे विचारण्याआधी आज दिवस कसा गेला, हे विचारावे. परदेशी असलेल्या वडिलांनी फोनवर अभ्यासाच्या चौकशीआधी थोडे गप्पांचे बोलावे.

पुढच्या सुट्टीत मुलांना घेऊन मालगुंडला जाऊन या. समुद्र दाखवा, स्मारक दाखवा आणि परत येताना वाटेत त्यांना ही हकीगत सांगा. सांगताना मध्येच थोडे थांबा. कदाचित तुमच्याच मुलाला काही सांगायचे असेल.

अल्लाहतआला आपल्या मुलांना इल्म देवो आणि ती मुले समजून घेण्याची तौफिक आपणांस देवो. आमीन.